मागच्या ॲक्सलच्या पोटातली गोष्ट

मी एक जुना ॲक्सल आहे. जुना म्हणजे किती, तर ज्या कारखान्यात मी तयार झालो तो कधीच बंद पडला आणि तिथे आता खुर्च्या-टेबलांचं दुकान आहे, असं मी ऐकून आहे. तुम्ही विचाराल, ॲक्सल म्हणजे काय? मित्रांनो, कधी एखाद्या जीपच्या मागे उकिडवे बसून खाली डोकावून बघा. दोन मागच्या चाकांना जोडणारा एक जाड लोखंडी नळा दिसेल आणि त्याच्या मधोमध कलिंगडाएवढं फुगलेलं पोट दिसेल. तो मी. जीप बघायला आलेले लोक रंग बघतात, दिवे बघतात, सीटवर हात फिरवतात. मला बघायचं तर गुडघे मळतात, म्हणून माझ्या वाटेला कोणी जात नाही.

माझं मात्र सगळ्यांकडे लक्ष असतं. स्वभावच चौकस, त्याला काय करणार? जन्मभर जमिनीपासून हातभर उंचीवर राहिल्यामुळे, गॅरेजच्या खड्ड्यात उतरणारे सोडले तर, माणसांचे चेहरे मला ठाऊक नाहीत. मी माणसं ओळखतो ती बुटांवरून आणि आवाजावरून. बुटांना खोटं बोलता येत नाही. घाईत असलेल्या माणसाचा आवाज शांत असू शकतो, पण त्याची टाच शांत नसते.

माझ्या पोटात दातेरी चाकांचं एक छोटं कुटुंब राहतं. त्याला डिफरन्शियल म्हणतात. नाव अवघड आहे, काम सोपं आहे. तुम्ही दोघे हातात हात घालून वळणावरून पळालात तर बाहेरच्या बाजूच्याला जास्त पळावं लागतं की नाही? गाडीच्या चाकांचंही तसंच असतं. दोन्ही चाकांना आपापल्या वेगानं फिरू देणं, हे माझ्या पोटातल्या मंडळींचं काम. पण या समजूतदारपणात एक खोट आहे. एक चाक बर्फावर गेलं आणि दुसरं चांगल्या जमिनीवर राहिलं, की बर्फावरचं चाक गरागरा फिरतं आणि चांगल्या जमिनीवरचं ढिम्म बसून राहतं. जीप जागची हलत नाही. मग बघणारे त्या ढिम्म चाकाला आळशी म्हणतात. या आळशी चाकाला विसरू नका, पुढे त्याच्याशी आपलं काम आहे.

आमची जीप टपालाची. खालच्या गावातून वरच्या वस्तीवर पत्रं, औषधं, पिठाची पोती, कोणाचा दुरुस्त केलेला रेडिओ, असं सगळं न्यायचं. अंतर फक्त अकरा किलोमीटर, पण हिवाळ्यात या अकरा किलोमीटरांत दोन जागा नाकी नऊ आणतात. एक आहे चढ. तो सरळ उभा आणि खोल चाकोऱ्यांचा. बर्फ पडला की चाकोऱ्या भरतात आणि एक चाक त्यात फसतं. दुसरी जागा तिरकी. तिथे रस्ता सपाट नाही. ताट धुताना पाणी निथळायला आपण ते कलतं धरतो ना, तसा तो दरीकडे कललेला आहे. वरून झऱ्याचं पाणी येतं, गोठतं आणि काच होतं. दरीच्या कडेला तीन मोठे दगड आहेत, बस्स.

माझे पहिले मालक मिस्त्री. त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणत, त्यांच्या घरचेसुद्धा चेष्टेनं म्हणत. वरच्या वस्तीवर त्यांचं घर, घराखाली गॅरेज, गॅरेजमध्ये खड्डा. त्यांच्या रबरी बुटाला डाव्या बाजूला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ होतं. ते ठिगळ दिसलं की मी निश्चिंत व्हायचो. दर दोन महिन्यांनी ते माझं तेल बघायचे, बोटावर घेऊन वास घ्यायचे आणि म्हणायचे, "अजून चालेल." एवढंच, पण मला ते पुरायचं.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती बावीस वर्षं माझ्या पोटात होती. कोणाला सांगणार? मला तोंड नाही आणि मिस्त्रींना धीर नव्हता.

त्या वर्षी टपालाचं काम नवीन होतं. जीप चढावर सारखी अडायची आणि लोक हसायचे. मिस्त्रींना हसणं सोसत नसे. एका दुपारी त्यांनी आपल्या हाताखालच्या माणसाला पंधरा दिवसांची सुट्टी दिली, दार लावून घेतलं, माझं पोट उघडलं आणि आतल्या दातेरी चाकांना सरळ वेल्डिंग मारलं. चार दातेरी चाकांचा एक गोळा झाला. आता दोन्ही मागची चाकं कायमची एका वेगानं फिरणार. एक फसलं तरी दुसरं ढकलणार.

आणि खरंच, मित्रांनो, चढ आम्ही चुटकीसरशी चढू लागलो! "मिस्त्रींच्या गाडीला बर्फ सलाम करतो," असं लोक म्हणू लागले. कोरड्या रस्त्यावर वळताना टायर किंचाळायचे आणि मी कण्हायचो, पण कौतुकाच्या आवाजात कण्हणं कोणाला ऐकू येतं? खरं सांगायचं तर मीही फुशारलो होतो. पुढची चाकं फिरवणाऱ्या ॲक्सलला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, मी दोन महिने हिणवत होतो.

मग एका सकाळी तिरकीवर, मिस्त्रींनी जरासा ॲक्सिलरेटर दिला आणि माझी दोन्ही चाकं एकदम फिरू लागली. आता नीट ऐका. गरागरा फिरणारं चाक बर्फाला धरू शकत नाही, ना पुढे, ना बाजूला. एकच चाक फिरत असतं तर दुसऱ्यानं जीपला बाजूला घसरू दिलं नसतं. पण माझी दोन्ही फिरत होती, आणि धरायला मागे कोणी उरलंच नव्हतं. जीपचं ढुंगण दरीकडे घसरत गेलं आणि दुसऱ्या दगडावर आदळून थांबलं. मागच्या सीटवर मिस्त्रींची आठ वर्षांची लेक होती. तिचा डावा कोपर मोडला.

मिस्त्रींनी सगळ्यांना सांगितलं, "बर्फच फार होता." सगळ्यांनी मान डोलावली, कारण बर्फ खरंच फार होता. चार दिवसांनी त्यांनी मला पुन्हा उघडलं, तो वेल्डिंगचा गोळा काढला, नवी दातेरी चाकं बसवली आणि गोळा चिंध्यांत गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात घातला. डबा गेला फळीच्या मागे. त्या दिवशी त्यांनी माझ्या तेलाचा वास घेतला, पण "अजून चालेल" म्हणाले नाहीत. पुढे कधीच म्हणाले नाहीत.

वर्षं गेली. लेक मोठी झाली, बापाच्या हाताखाली शिकली आणि जीप चालवू लागली. डावा हात पुरता सरळ होत नाही, म्हणून ती स्टिअरिंग जरा जवळून धरते. मिस्त्रींची छाती मात्र बिघडली. आता त्यांच्या पायात रबरी बूट नसतात, लोकरी सपाता असतात, आणि नाकाशी ऑक्सिजनची नळी असते. हिवाळ्यात वरच्या वस्तीवर वीज जाते-येते, ऑक्सिजनच्या यंत्रावर भरवसा ठेवता येत नाही; म्हणून दर तिसऱ्या दिवशी लेक खालून भरलेला सिलिंडर आणते.

गेल्या हिवाळ्यात हाच सिलिंडर घेऊन आम्ही चढावर चार तास अडकलो. माझं उजवं चाक चाकोरीत गरगरत होतं, डावं ढिम्म. मी शरमेनं मेलो होतो. आम्ही पोचलो तेव्हा घरातल्या सिलिंडरचा काटा लाल पट्टीत शिरला होता.

ती गोष्ट लेकीच्या थोरल्या भावाला कळली. तो खालच्या गावात तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्याचे बूट पॉलिश केलेले, एकावरही डाग सापडणार नाही. पावसाळा सरल्यावर तो वर आला आणि जीपला टेकून बहिणीला म्हणाला, "यंदा पहिला बर्फ पडायच्या आत गाडीचं काहीतरी पक्कं कर. नाहीतर बाबांना मी खाली घेऊन जातो. मला उगाच वाईटपणा घ्यायला लावू नकोस."

"बाबांचा जीव इथे रमतो, दादा. तिकडे ते काय करणार?"

"इथे तरी काय करतात? दिवसभर खिडकीत बसून राहतात. तेच तिकडे बसतील. निदान जिवंत बसतील."

वर खिडकी उघडी होती आणि मिस्त्री तिच्यातच बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं असणार.

अशा रीतीनं माझ्यासाठी लॉकर शोधायला सुरुवात झाली. लॉकर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे बँक येईल. हा लॉकर तो नव्हे. दोन्ही चाकांना गरजेपुरतं एकत्र बांधणारी वस्तू म्हणजे लॉकर, आणि ती बसते थेट माझ्या पोटात. माझ्या घरात कोण राहायला येणार, हे दुसरेच ठरवत होते! मी कान टवकारून बसलो.

सल्ला द्यायला दहाबारा आला. हा मिस्त्रींच्या हाताखाली शिकलेला, आता खालच्या गावात स्वतःचं गॅरेज असलेला माणूस. "दहाबाराचा पाना कुठंय?" हे वाक्य तो दिवसातून पन्नासदा म्हणतो, म्हणून त्याचं हे नाव पडलं. पाना बहुतेक वेळा त्याच्याच खिशात असतो. त्याच्या एका बुटाला नाडी नाही, तिथे तांब्याची तार आहे.

गॅरेजमध्ये जीप खड्ड्यावर उभी होती आणि वर चर्चा रंगली होती. लग्न जुळवताना स्थळं बघतात तशी एकेकाची माहिती निघत होती. पहिल्याच्या आत घासणाऱ्या चकत्या असतात. एक चाक फार फिरू लागलं की त्या त्याला थोडं आवरतात. "गरीब स्वभावाचा आहे," दहाबारा म्हणाला. "कुरकुर करत नाही. पण चाक पार चाकोरीत गेलं की हात टेकतो."

"मग तो काय कामाचा? मला चढच चढायचाय," लेक म्हणाली.

दुसरा आपोआप चालणारा. ॲक्सिलरेटरवर पाय पडला की दोन्ही चाकं बांधतो, वळताना पाय सैल सोडला की सोडतो. मध्येच खाडकन आवाज करतो, पण बटण नाही, तार नाही, विसरायला काही नाही. तिसरा बटणाचा. एरवी माझी मंडळी आपापली मोकळी, आणि हवं तेव्हा बटण दाबलं की चाकं बांधली जातात.

"आणि पुढच्या ॲक्सलला बसवला तर?" लेकीनं विचारलं. माझा धाकटा तिकडे दचकला असणार.

"पुढची चाकं बांधलीस तर स्टिअरिंग वळवायला पैलवान आणावा लागेल. तू डावीकडे म्हणशील आणि गाडी म्हणेल, मी आपली सरळ. एकच बसवायचा असेल तर मागेच बसव." मग तो पिशवी उघडत म्हणाला, "हे बघ, आपोआपवाला माझ्याकडे तयार आहे. उद्या बसवून देतो. बटणाचा मागवावा लागेल, बारा दिवस तरी लागतील. आणि बर्फ तर आठवड्यात येतोय म्हणतात."

लेकीचे बूट इकडून तिकडे फिरले. बारा दिवस म्हणजे बर्फ आधी येणार, आणि बर्फ आधी आला की दादा येणार. "आपोआपवालाच बसव," ती म्हणाली. मग तिनं जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेल्या वडिलांना विचारलं, "बाबा, तुम्हाला काय वाटतं?"

मिस्त्री काहीच बोलले नाहीत. आणि मला, मित्रांनो, माझ्या पोटातला तो जुना गोळा आठवला. हा नवा पाहुणा वेल्डिंगच्या गोळ्याचा सख्खा नसला तरी चुलत भाऊ होता.

दुसऱ्या दिवशी दहाबारानं माझं तेल खालच्या पसरट भांड्यात सोडलं आणि झाकणाचे बोल्ट काढले. माझं पोट उघडं पडलं. तो नव्या लॉकरवरचा तेलकट कागद सोडत होता. एवढ्यात जिन्यावर सपाता वाजल्या. एक पायरी, मग थांबणं, मग पुढची पायरी. मागे नळी घासत येत होती. खड्ड्यापासून चार हातांवर नळी ताणली गेली आणि मिस्त्री तिथेच स्टुलावर बसले.

"थांब," ते म्हणाले.

"काय झालं मिस्त्री? बोल्ट चुकला का?"

"तो नको. बटणाचा मागव."

"बाबा, काल विचारलं तेव्हा गप्प बसलात," लेक म्हणाली. "बटणाचा येईपर्यंत बर्फ पडेल. दादा थांबेल का?"

"नाही थांबणार."

"मग?"

"मग मी जाईन खाली." त्यांनी दम घेतला. "पण हे घेऊन तू तिरकीवर जायचं नाहीस."

"अहो पण का? कारण तरी सांगा!"

माझ्यातून तेलाचे थेंब भांड्यात पडत होते, टप्, टप्. मग मिस्त्री म्हणाले, "फळीमागे बिस्किटांचा डबा आहे. काढ."

झाकण निघाल्याचा आवाज आला. चिंध्या उलगडल्या गेल्या. लेक त्यांचीच लेक. तिला हातातल्या वस्तूची ओळख कोणी करून द्यावी लागली नाही.

"हे आपल्या गाडीचं आहे?"

"हो."

"कधी केलं होतं?"

"तुझा हात मोडला, त्या वर्षी."

तिचे बूट जागच्या जागी थांबले. दहाबारा पुटपुटला, "म्हणून मला पंधरा दिवस सुट्टी दिली होतीत. मला वाटलं, खूश झालात माझ्यावर." त्यावर कोणी हसलं नाही, तोही नाही.

"बावीस वर्षं," लेक म्हणाली, "बावीस वर्षं मी त्या बर्फाला शिव्या घालतेय, बाबा." ती बाहेर गेली. अंगणातल्या खडीवर तिची पावलं वाजत राहिली, एक फेरी, दोन फेऱ्या, सहा फेऱ्या. मी मोजत होतो. आत मिस्त्रींच्या सपाता एकमेकींना घट्ट चिकटून होत्या, शाळेत वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारख्या.

ती परत आली. खड्ड्याच्या काठावर उकिडवी बसली आणि माझ्या उघड्या पोटाकडे बघत म्हणाली, "मी रागावलेय. खूप रागावलेय. पण ते नंतर. आधी मला सांगा, गाडी घसरली तेव्हा ॲक्सिलरेटरवर पाय होता की काढला होता?"

मिस्त्रींनी मान वर केली असावी, कारण त्यांचा आवाज बदलला. "होता. जरासाच."

"म्हणजे आपोआपवाल्यानंही तेव्हा चाकं बांधलीच असती."

"बांधली असती. त्याला काय कळतंय, पुढे चढ आहे की तिरकी? त्याला फक्त पाय कळतो."

"मग तिरकीवर काय करायचं?"

"सोडून द्यायचं. एक चाक फिरेल, फिरू दे. दुसरं..." त्यांना खोकला आला. "दुसरं बसून राहतं. ते गाडीला धरतं. पुढची चाकं ओढतील हळूहळू."

मग तिनं एकामागून एक विचारलं. दाबलेल्या हवेवर चालणारा घ्यायचा का? नळीतल्या ओलाव्याचा बर्फ झाला तर? ओढायच्या तारेचा घ्यायचा का? तार गंजून अडकली तर? विजेवरचा घेतला आणि वायर तुटली तर चाकं बांधलेली राहणार की मोकळी होणार? दहाबारानं सांगितलं, मोकळी होणार. मिस्त्री म्हणाले, "मग तोच. बिघडला तरी सोडून देणारा पाहिजे."

दहाबारानं माझं झाकण पुन्हा लावलं, नवं तेल भरलं आणि आपोआपवाल्याला कागदात गुंडाळून परत नेलं. त्या दुपारी बापलेकीत आणखी काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. ती दोघं वर गेली होती, आणि माझे कान जिन्यावरून वर पोचत नाहीत. संध्याकाळी सिलिंडर बदलताना मात्र उघड्या खिडकीतून मी तिला विचारताना ऐकलं, "नळी टोचत नाही ना?" आवाज कोरडा होता, पण विचारलं होतं.

सहाव्या दिवशी बर्फ पडला. सातव्या दिवशी पॉलिश केलेले बूट आले. दादा काही दुष्ट नव्हता बरं का. बापाला जीपमध्ये बसवताना त्याची टाच जमिनीवर सारखी टकटकत होती, म्हणजे तो भ्यायला होता. त्यानं वडिलांच्या पायांवर घोंगडी इतक्या वेळा नीट केली की शेवटी मिस्त्रीच म्हणाले, "पुरे रे, मी काही पार्सल नाही." तिरकी ओलांडून, चढ उतरून आम्ही खाली आलो. खाली इमारतीपाशी मिस्त्रींना खुर्चीत बसवून वर नेलं. एक सपात पायरीवर राहिली होती, ती दादा परत येऊन घेऊन गेला.

त्यानंतर मला कळेल ते लेकीच्या तोंडून. "कसे आहेत मिस्त्री?" दहाबारा विचारायचा. "खिडकीत बसतात," ती सांगायची. "समोर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे. ती बघतात." मला आजवर कधी कोणाच्या खिडकीबद्दल वाईट वाटलं नव्हतं, तेव्हा वाटलं.

बटणाचा लॉकर बाराऐवजी चौदा दिवसांनी आला. दहाबाराच्या गॅरेजमध्ये माझं पोट पुन्हा उघडलं. वायर आत घेण्यासाठी माझ्या अंगाला भोक पाडावं लागलं. दुखलं नाही असं मी म्हणणार नाही. नवा पाहुणा थंडगार, गुळगुळीत आणि अबोल होता. मी त्याला शंभर प्रश्न विचारले. त्यानं एकच उत्तर दिलं, क्लिक्. आमचं जमेल असं मला वाटलं.

दादा म्हणाला, "आधी मला दाखव. मी बसतो गाडीत. बाबांचं मग बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. चढाच्या पायथ्याशी लेक थांबली, तिनं बटण दाबलं, माझ्या पोटात क्लिक् झालं. उजवं चाक चाकोरीत गेलं, बर्फाचा भुगा उडाला, पण डावं आता ढिम्म बसलं नव्हतं. दोघं मिळून ढकलत होती. जिथे गेल्या वर्षी चार तास गेले तिथे आम्हाला चार मिनिटंही लागली नाहीत. वरून दादाचा आवाज आला, "वा! हे भारी आहे! आता हे बंदच करू नकोस, घरापर्यंत असंच ने!"

बावीस वर्षांपूर्वी लोक अगदी असंच कौतुक करत होते. माझं तेल थिजल्यासारखं झालं.

तिरकी आली. झरा गोठला होता. लेकीनं जीप थांबवली आणि बटण बंद केलं. क्लिक्.

"बंद का करतेस? आत्ताच तर खरी गरज आहे!"

"आत्ताच नाही, दादा."

ती इतक्या हळू निघाली की मला माझ्याच दात्यांचा आवाज ऐकू येत होता. अर्ध्यावर माझ्या डोंगराकडच्या चाकाची पकड सुटली आणि ते जागच्या जागी फिरू लागलं. दादानं खिडकीतून वाकून बघितलं असावं. "अगं ते फिरतंय! आणि इकडचं फिरतच नाहीये!"

"फिरायला नकोच आहे. त्यानं धरलंय. बोलू नकोस जरा."

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी एवढं काही मन लावून केलं नव्हतं, आणि करायचं काय, तर एका चाकाला शांत बसू द्यायचं. दरीकडचं चाक बर्फात रुतून बसलं होतं. पुढून धाकटा तसूतसूनं ओढत होता. लेकीनं पाय अजून हलका केला. फिरणारं चाकही शांत झालं आणि त्याला जमीन सापडली. पहिला दगड मागे गेला. दुसरा गेला. त्याच्यावर अजून आमच्या जीपचा जुना हिरवा रंग आहे. तिसराही गेला, आणि रस्ता सपाट झाला.

लेकीनं जीप थांबवली. पॉलिश केलेले बूट बर्फात उतरले, मागे आले आणि थांबले. आणि मग जे गॅरेजबाहेर माझ्या बाबतीत कधी घडलं नव्हतं ते घडलं. दादा गुडघे टेकून वाकला आणि त्यानं माझ्याकडे बघितलं. मी पहिल्यांदाच त्याचा चेहरा पाहिला. नाक माझ्या तेलाचा वास घेणाऱ्या मिस्त्रींच्या नाकासारखं होतं. डोळ्यांत पाणी होतं, थंडीचंही असेल.

"हे बंद करायचं, हे बाबांनी सांगितलं?" त्यानं तसंच वाकून विचारलं.

"हो." मग लेकीनं त्याला डब्याची गोष्ट सांगितली, कोपराची सांगितली, आपोआपवाला तयार असताना मिस्त्रींनी जिना उतरून थांबवलं तेही सांगितलं.

"म्हणजे ते गप्प राहिले असते तर घरीच राहिले असते."

"हो."

दादा उठला. गुडघ्यांचा बर्फ त्यानं झटकला नाही. "चल, गाडी फिरव," तो म्हणाला. "आजच आणू त्यांना."

मिस्त्री त्या दुपारी घरी आले. तिरकीवर क्लिक् झाल्यावर मागच्या सीटवरून एक दमलेला आवाज आला, "बरोबर." वेल्डिंगचा तो गोळा आता डब्यात नाही. तो वरच्या खिडकीत पडदा उडू नये म्हणून ठेवलाय, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल असा. कोणी विचारलं तर मिस्त्री स्वतः सांगतात, जेवढा दम पुरेल तेवढं. लेकीचा राग पूर्ण गेला की नाही मला माहीत नाही. मला बुटांवरून एवढंच कळतं की ती हल्ली जिना दोन-दोन पायऱ्या करत चढते. आणि परवा माझ्या तेलात बोट बुडवून वास घेत तिनं वर बघून ओरडून विचारलं, "बाबा, अजून चालेल ना?"

"चालेल!" खिडकीतून उत्तर आलं.

मित्रांनो, माझं एक मागणं आहे. तुमच्या गाडीच्या खाली जे कोणी राहतं त्याचं तेल वेळेवर बघत जा. त्याला तोंड नसतं, ते मागणार नाही. चूक झाली तर ती डब्यात ठेवू नका, फार वर्षं लागतात मग झाकण उघडायला. आणि कुठलं चाक फिरत नसेल, कोणी नुसतंच खिडकीत बसून असेल, तर त्याला आळशी म्हणण्याआधी एकदा गुडघे मळवून खाली वाकून बघा, त्यानं काय धरून ठेवलंय ते.